बारकं भोक

"पोरीला येतं तरी काय काय?" मानवतच्या पाहुण्यानं पोह्यांची बशी खाली ठेवत विचारलं.

कडूबाई दाराआड पदर सावरून उभी होती. दिवसभर कापूस वेचून कंबर मोडली होती. ओसरीवर थोरले दीर माणिकराव सुपारी नि अडकित्ता घेऊन तयारच बसले होते. सुपारी फुटली की कडूबाईच्या नववीतल्या राणीचं लग्न पक्कं, आणि दसरा झाला की ती नवऱ्याबरोबर जोडीनं ऊसतोडीला. कडूबाईचा नवरा सूर्यभान भावापुढं कधी बोलला नव्हता. आजही पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत बसला होता. राहिली कडूबाई. तिची तऱ्हा तोंड दाबून बुक्क्यांचा मार. थोरल्या दिरासमोर सुनेनं तोंड उघडायची या घरात रीतच नव्हती.

राणीनं पाण्याचा तांब्या उचलला. पेला काठोकाठ भरला, त्यावर शेजारच्या लग्नाची पत्रिका ठेवली, पेला उपडा केला आणि पत्रिकेखालचा हात काढून घेतला. पाण्याचा थेंबही सांडला नाही.

"डिंक लावलाय का गं?" पाहुणा हसला.

"न्हाई. भवतालची हवा पत्रिकेला खालून दाबायलीय. पानी पडंल कसं?"

"हुशार हाय पोरगी. पसंत हाय आमाला."

माणिकरावांनी सुपारी अडकित्त्यात धरली.

कडूबाईला त्या पाण्याची कीव आली. बिचाऱ्याला पडायचीसुद्धा मुभा नाही.

"राणे," ती दाराआडून म्हणाली, "त्याला सुटायचं असलं तं?"

सगळे वळून बघायला लागले.

"सोपं हाय, आई. पेल्याच्या बुडाला बारकं भोक पाडायचं. हवा आत शिरली की आतूनबी तेवढाच दाब येतो. मंग बाहेरच्याचं काई चालत न्हाई, पानी आपल्या वजनानं सुटतं."

कडूबाई उंबरा ओलांडून ओसरीवर आली. अंग दमलेलं होतं, आवाजही दमलेलाच निघाला.

"दादा, पोरगी शाळा शिकायलीय. यंदा लगीन न्हाई."

तिनं माणिकरावांच्या अडकित्त्यातली सुपारी काढून घेतली आणि पदराच्या टोकाला घट्ट गाठ मारून बांधली.

अडकित्ता तसाच आ वासून राहिला.