विकतचे पूर्वज

दिवाणखान्यात पाऊल टाकताच म्हातारी थबकली. भिंतीतल्या कोनाड्यांत मेणाचे मुखवटे ओळीने मांडले होते. रोममधली बडी घराणी मेलेल्या पूर्वजांचे चेहरे असे मिरवतात, हे तिने दूर हिस्पानियातल्या आपल्या खेड्यातही ऐकलं होतं.

"हे कोण रे?"

"आपले पूर्वज, आई." सेनापती झालेल्या मुलाने नजर चुकवली. "हे पणजोबा. रोमचे कॉन्सल होते, सर्वांत मोठे अधिकारी."

"तुझे पणजोबा बकऱ्या राखायचे!" तिचा आवाज चढला. "आणि तुझ्या बापाने जन्मभर ऑलिव्हचा घाणा ओढला. घाण्याच्या दांड्याने नाक मोडलं त्याचं. तोच घाणा विकून त्याने तुला पहिला घोडा घेऊन दिला, म्हणून तू आज सेनापती. ते मोडकं नाक कुठाय यात?"

"हळू बोल! सम्राटाची माणसं जेवायला येताहेत. इथे घाणेवाल्याच्या पोराला कोण विचारतं?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने पणजोबांना उचललं आणि धगधगत्या शेगडीत टाकलं. मेण पाघळलं, कॉन्सलचं सरळ नाक वाकडं झालं, आणि क्षणभर तिला त्यात आपला नवरा दिसला. मग तोही वितळला.

"काय केलंस हे!" मुलगा ओरडला. "माझ्या नातवंडांना घराणं मिळावं म्हणून विकत आणले होते मी!"

"मिळेल की," ती कडाडली. "तू मेलास की तीही बाजारात जातील आणि तुझ्याहून बरा आजोबा विकत आणतील."