न केलेली घासाघीस

रायबा मिस्त्रीने बैठकीची खोली पावलांनी मोजली आणि लाद्यांचे, माल-मजुरी धरून, अकरा हजार सांगितले. काम आठाच्या वर नाही, हे शरिफाला कळत होतं. पण नवऱ्याचा, गनीचा, मस्कतहून पैशांचा शेवटचा ड्राफ्ट येऊन सात महिने झाले होते आणि ही गोष्ट अजून घराबाहेर गेली नव्हती. भाव करायला बसलं तर रायबा महाडच्या बाजारात चार ठिकाणी बोलणार, आणि लेकीचं, नौशीनचं, सव गावी ठरलेलं लग्न मोडणार. "निकाहाच्या आत पुरं कर म्हणजे झालं," एवढंच ती म्हणाली. दुपारी तिने पाटल्या मोडल्या आणि निम्मे पैसे आगाऊ दिले.

काम संपल्यावर बाकीचे पैसे घेताना रायबा हसला.

"भाभी, रागावू नका. मी तीन हजार चढवूनच सांगतो. मस्कत-दुबईची मान्सं लय चिवट. शंभरासाठी दोन-दोन तास हुज्जत घालतात. तुमी एक शब्द काढला नाय. असं मोठ्या मनाचं घर यंदा आणखी एकच बघितलं."

"कुणाचं?"

"तुमच्या व्याह्यांचंच की! गेल्या म्हयन्यात सवला मीच लाद्या बसवल्या. मागितले तेवढे मोजून दिले. नौशीनचं नशीब हाय बघा."

मागितले तेवढे पैसे माणूस कधी देतो, हे शरिफाला कुणी सांगायला नको होतं. आत नौशीनच्या हातांवर मेंदी काढणं चाललं होतं.