पहिला दिवस पाहुण्याचा

"प्रवासात त्रास नाही ना झाला?" म्हाताऱ्याने विचारलं.

सुनावणीचे साहेब हसले. "छे हो, आजोबा! खाणीच्या हेलिकॉप्टरने आलो. चाळीस मिनिटं."

शाळेच्या एकुलत्या एक खोलीत सगळी वस्ती कोंबून बसली होती. बाकं पोरांच्या मापाची, त्यामुळे बाप्यांचे गुडघे हनुवटीला टेकत होते. साहेबांपुढे टेबल आणि टेबलावर पानांना नंबर घातलेलं रजिस्टर. बारा वर्षं डोंगरातून तांबं निघत होतं आणि सगळं खाली शहरांकडे जात होतं. आता कुठे सरकारला जाग आली होती. खाणीच्या उत्पन्नातून या भागालाही काहीतरी द्यायचं ठरलं होतं. कोणत्या वस्तीला काय हवं, ते या रजिस्टरात लिहिलं जाणार होतं. एका वस्तीचा एक जबाब, तोही एकाच माणसाच्या तोंडून.

वस्तीने म्हाताऱ्याला पुढे केलं. त्याची नात नऊ महिन्यांपूर्वी बाळंतपणात अडली होती. शहराचा रस्ता नऊ तासांचा. सहाव्या तासाला ती ट्रकमध्येच गेली, पोटातल्या बाळासकट. मग त्याच्याहून जास्त हक्क कुणाचा? सूनबाईने, म्हणजे त्या मुलीच्या आईनेच, आठवडाभर त्याच्याकडून घोकून घेतलं होतं, मागणी एकच, दवाखाना. आत्ता ती भिंतीकडेला उभी राहून कपात चहा ओतत होती.

"बोला आजोबा," साहेबांनी पेन उघडलं. "औषधपाण्याची काय सोय आहे इथे?"

"तुमच्या कृपेने सगळं ठीक चाललंय."

सूनबाईच्या हातातली किटली थबकली.

"कुणी आजारी पडलं तर?"

"आजारी कोण पडतंय हो इथे! डोंगराची हवा. तुम्ही चहा घ्या आधी, गार होतोय."

दोन-चार जण हसलेसुद्धा. बाकी कुणाला त्यात वावगं वाटलं नाही, आणि इथेच घात झाला. पाहुण्यापुढे पहिल्याच दिवशी रडगाणं गायचं नाही, ही या वस्तीची रीत. माणूस थकूनभागून आलेला असतो. त्याला जेवू घालायचं, झोपू द्यायचं. पहिला दिवस पाहुण्याचा, दुसरा आपला. सकाळी तो ताजातवाना होऊन बसला की मग मनातलं सगळं त्याच्यापुढे ओतायचं. तो रस्ता तुडवून आलेला माणूस त्याच दिवशी परत फिरलाय, असं आजवर कधी झालं नव्हतं. म्हाताऱ्याने तर शेजारून गादी मागून आणून साहेबांसाठी अंथरूणही घालून ठेवलं होतं.

"घरात सगळे सुखरूप?"

म्हाताऱ्याने कप त्यांच्यापुढे सरकवला. "सगळे."

"माणसं किती?"

"पाच," तो म्हणाला. "बाळ धरून."

घरात तिघं उरली होती. साहेबांनी पाच लिहिलं.

"मामंजी, अहो, काय बोलताय!" सूनबाईला राहवेना. "साहेब, खोटं आहे हे. माझी मुलगी..."

"सूनबाई!" म्हाताऱ्याचा आवाज चढला. "पाहुणे चहा पिताहेत ना?"

साहेबांनी कप खाली ठेवला. माणूस वाईट नव्हता. "आजोबा, काही सांगायचं राहिलंय का?"

"काही नाही हो. बोलू की निवांत." म्हाताऱ्याने त्यांच्या हातावर थोपटलं आणि दाखवलं तिथे सही ठोकली. पाहुणे आल्याची पोच असणार, असं त्याला वाटलं.

साहेब उठले. "चला, येतो. अंधाराच्या आत अजून तीन वस्त्या करायच्यात."

"येतो म्हणजे? मुक्काम?"

"मुक्काम कसला, आजोबा! हेलिकॉप्टर उभं आहे."

म्हाताऱ्याने त्यांचा हात धरला. "मग बसा. बसा, साहेब, लिहून घ्या. दवाखाना. माझी नात... आम्ही ट्रकमध्ये घातली तिला... लिहा ना!" आठवडाभर घोकलेलं सगळं एकात एक अडकून बाहेर पडत होतं.

"सही झाली हो तुमची. नंबराची पानं आहेत, मला खाडाखोड करता येत नाही." साहेबांना खरंच वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी नजर उचलली नाही. "पुढच्या आढाव्यात नक्की सांगा."

"कधी असतो?"

"पाच वर्षांनी."

हेलिकॉप्टर उडालं. त्याच्या धुरळ्यात मिनिटभर कुणालाच काही दिसेना. मग माणसं एकेक करून घराकडे निघाली. म्हाताऱ्याला कुणी अवाक्षर बोललं नाही. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

तो शाळेच्या पायरीवर बसून राहिला. सूनबाई तरातरा त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. नऊ महिन्यांचं सगळं तिच्या जिभेवर आलं होतं. तिने तोंड उघडलं, तेवढ्यात म्हातारा बोलायला लागला. तिच्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. नात गेल्यापासून त्याने तिचा विषय एकदाही काढला नव्हता.

"माझी एक नात होती," तो म्हणाला. "एकोणीस वर्षांची. पहाटे कळा सुरू झाल्या. ट्रकवाल्याच्या पाया पडलो तेव्हा तो तयार झाला. पाठीमागे पोती अंथरली. थंडी होती, म्हणून माझी घोंगडी घातली तिच्यावर. नदी ओलांडेपर्यंत बोलत होती. आजोबा, अजून किती लांब, म्हणून विचारत होती..."

तो थांबला.

त्या ट्रकमध्ये मुलीचं डोकं सूनबाईच्याच मांडीवर होतं. ती हळूच त्याच्या शेजारी पायरीवर टेकली.

"मग?" तिने विचारलं. "मग काय झालं?"