कोणाच्या घरचं?

“पण ते बाळ कोण्या समाजाचं होतं?” कैलासनं तिसऱ्यांदा विचारलं.

कोण्या एका बाळंतिणीनं दान दिलेलं नाळेचं रक्त. त्यातल्या कच्च्या पेशी निवडून जागृतीनं एकवीस दिवस लॅबमध्ये वाढवल्या होत्या, कॅन्सरला शोधून मारतील अशा तयार केल्या होत्या. एकही रविवार घरी गेली नाही. आणि हा समुद्रपूरचा शहाणा जात विचारतोय! तिकडे याचा बाप, नत्थूजी, रक्ताच्या कॅन्सरनं पांढराफटक पडलाय. सगळी औषधं देऊन झालीत.

“दादा, रक्ताच्या पिशवीवर नुसता नंबर असते. नाव आम्हालेही माहीत नाई,” ती म्हणाली. “चार वाजेपर्यंत संमतीवर सही नाई झाली, तर ही पेशींची पिशवी पुढच्या पेशंटले जाते.”

पुढची पेशंट म्हणजे मंदाबाई. जागृतीची आई. तेच दुखणं, पलीकडचाच वॉर्ड. दुसरी पिशवी तयार व्हायला महिना होता, आणि आई महिना काढेल असं एकही डॉक्टर छातीठोक सांगत नव्हता.

कैलासनं तिच्या गळ्यातलं कार्ड वाचलं. जागृती थूल. आडनावावरून त्याला तिची जात कळली. सही न करताच तो पेन परत करायला लागला. तिनं ते घ्यायला हात पुढे केला, तर त्यानं ते टेबलावर ठेवलं आणि बोटानं तिच्याकडे सरकवलं. शी! याच हातांनी बनवलेलं औषध याच्या बापाच्या नसेत जायचं होतं.

“बाबा म्हणते, कोणाचंही रक्त मी अंगात घालून घेणार नाई,” कैलास म्हणाला. “आपल्यातलं असंल तर सांगा. नाई तर राहू द्या.”

राहू द्या! जागृतीला क्षणभर एवढा आनंद झाला, की दुसऱ्याच क्षणी तिला स्वतःचीच किळस आली. एक म्हातारा मरणार म्हणून ती खूश झाली होती. काही वाईट करायचंही नव्हतं तिला. माहीत नाही, एवढं खरं पुन्हा एकदा बोलायचं, की पिशवी आईची.

घड्याळात चारला दहा कमी होते. पण आजच्या यादीत पहिलं नाव नत्थूजींचं होतं, आणि ती यादी तिनंच लिहिली होती.

जागृतीनं पेन उचललं, कैलासच्या हातात कोंबलं.

“तुमच्यातलंच आहे जी,” ती म्हणाली. “करा सही.”