शुक्रवारची मंजुरी

मायुमी कपाटाच्या वरची फळी सरकवून माळ्यात शिरली, तेव्हा किनुयोला खालून तिचे मोजेच तेवढे दिसत होते. पांढरे मोजे, एका अंगठ्याला भोक. नगरपालिकेची इंजिनिअर असून मोज्याला भोक, म्हणजे पोरगी कामाची असणार, असं शहाऐंशी वर्षांच्या किनुयोने ठरवून टाकलं.

कागदावर निकाल आधीच लागला होता. आल्या आल्या मायुमीने जुना नकाशा पसरून आकडेमोड केली होती. एकच्या वर आकडा आला तर घर भूकंपात तग धरेल, पॉइंट सातच्या खाली आला तर पडेल असंच धरून चालायचं. या घराचा आला पॉइंट पाच. नोतोकडे भूकंप झाल्यापासून किनुयोच्या मुलाने एकच धोशा लावला होता, घर नापास झालं तर नव्या वर्षाच्या आत आईने नागोयाला त्याच्या फ्लॅटवर यायचं. तिच्या खोलीला पडदेसुद्धा लावून झाले होते. किनुयोला त्या पडद्यांचा रंगही बघायचा नव्हता. तिला इथेच मरायचं होतं, आणि तेही एवढ्यात नाही.

"वाईट वाटतं आजी, तीन दिवसांनी चुकलं," मायुमी म्हणाली होती. "घराच्या नकाशाला मंजुरी शुक्रवारची, एकोणतीस मे एक्याऐंशी. सोमवारी एक जूनला भूकंपाचा नवा नियम लागला. त्यात भिंती जास्त लागतात."

ती तारीख किनुयोला कुणी सांगायला नको होती. तिच्या नवऱ्याने, सेइझोने, पंचांग बघून काढलेला तो ताइआन, सगळ्यात शुभ दिवस. बोनिटो मासे धरणारा माणूस, बोटीवर पाय ठेवायलाही ताइआन लागायचा त्याला. सोमवारपासून नियम बदलतोय असं कचेरीत म्हणाले, तर हा म्हणाला, मग शुक्रवारीच शिक्का मारा. तगादा लावून मारून घेतला आणि गावभर साके पाजली. बिचारा गेला तोही त्या शुक्रवारचं कौतुक सांगतच.

मायुमी माळ्यावरून उतरली ती केसांत कोळिष्टकं घेऊन. खाली येऊन तिने नकाशा पुन्हा उघडला आणि दक्षिणेच्या खिडकीकडे बघत राहिली. नकाशात खिडकी बारा फुटांची आहे, इथे सहाचीच कशी, असं तिने विचारलं.

झालं. किनुयोच्या नेमक्या दुखऱ्या जागी बोट पडलं. तिला भांडी घासताना सगळं बंदर दिसायला हवं होतं, सेइझोची बोट आत शिरताना दिसावी म्हणून. घर बांधणाऱ्या यासाकु मिस्त्रीने अर्धीच खिडकी ठेवली. विचारलं तर म्हणाला, माप चुकलं. एवढंच. वर माफीही मागितली नाही मेल्याने. मग किनुयोने मासळी बाजारात सांगितलं, न्हाणीघरात सांगितलं, देवळात सांगितलं. त्याचं नावच पडलं, फूटपट्टी विसरलेला यासाकु. त्याची हातातली दोन घरं दुसऱ्या सुताराकडे गेली. सेइझोच्या अंत्यविधीला तो आला, उदबत्ती लावून दारातूनच परत गेला. त्रेचाळीस वर्षांत किनुयोने त्याला कपभर चहा दिला नव्हता.

मायुमीने हे सगळं ऐकून घेतलं.

"माप चुकलेलं नाही आजी. बुजवलेल्या सहा फुटांत तिरपे वासे आहेत, गुणाकाराच्या फुलीसारखे, टोकांना लोखंडी पट्ट्या मारून. पूर्वेच्या भिंतीतही आहेत. नकाशात त्यांचा पत्ता नाही. शुक्रवारच्या नियमाला ते लागत नव्हते. सोमवारच्या लागत होते."

तिने तिथेच बसून पुन्हा आकडेमोड केली. एक पॉइंट एक. घर पास.

"मग पडदे काढायला सांगते," किनुयो म्हणाली.

पण फोनकडे काही ती गेली नाही. मायुमी निघून गेल्यावरही ती त्या भिंतीसमोर बसून राहिली. भिंत नजरेला पडू नये म्हणून दर वर्षी ती तिथे मच्छीमार संघाचं सगळ्यात मोठं कॅलेंडर लावायची. आता तिला उलगडत गेलं. नकाशा बदलला असता तर शिक्का पुन्हा घ्यावा लागला असता, दुसऱ्या दिवसाचा. आणि तुझ्या शुभ शुक्रवारचं घर कच्चं आहे असं सेइझोला तोंडावर सांगणार कोण? त्याने यासाकुला कामावरून हाकलून दुसरा मिस्त्री आणला असता, नकाशाबरहुकूम बांधणारा. म्हणून त्या बाबाने आपल्या मापालाच बट्टा लावून घेतला. किनुयोला फार लाज वाटली. आपल्या जिभेने याचं अर्धं आयुष्य खाल्लं, असं ती मोठ्याने म्हणाली, ऐकायला कुणी नव्हतं तरी.

उतारावर दोन घरं सोडून यासाकु उन्हात ओट्यावर बसला होता. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा, हात थरथरतात. किनुयो वळचणीला सुकत घातलेल्या पर्सिमॉन फळांची एक माळ सोडवून घेऊन गेली आणि त्याच्या शेजारी बसली. तो जरा सरकला.

"खिडकी लहानच आहे," ती म्हणाली.

"माप चुकलं होतं, वहिनी," यासाकु बंदराकडे बघत म्हणाला.

किनुयोने माळेतलं एक फळ सोडवलं, देठ काढला आणि त्याच्या तळव्यावर ठेवून वरून बोटं मिटवली.

"उद्या बाजारात जाते," ती म्हणाली. "किती चुकलं होतं ते सांगून येते सगळ्यांना."