चौथं प्रकरण

प्राध्यापक बोलण्याच्या भरात म्हणाले, "आजचा समाज बहिरा झालाय. आणि बहिऱ्यापुढे संस्कृतीच्या गोष्टी करून उपयोग काय? त्याला काय कळणार?"

सभागृहात हशा पिकला. व्यासपीठाच्या कडेला उभ्या असलेल्या दुभाषी बाईंचे हात मात्र हवेतच थांबले.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचं ते सभागृह भर दुपारीही गच्च भरलं होतं. 'आज सुसंस्कृत कोणाला म्हणायचं' हा विषय होता, आणि प्राध्यापकांचं त्यावरचं पुस्तक नुकतंच गाजलं होतं. ऐकू न येणारा श्रोता एकच होता. पुस्तकबांधणीच्या कारखान्यात काम करणारा बाइंडर. तो पहिल्या रांगेत अगदी समोर बसला होता. त्याच्यासाठी बाई तासाभरापासून प्राध्यापकांचं बोलणं खुणांच्या भाषेत सांगत होत्या, आणि त्याने एकदाही नजर हलवली नव्हती.

आता मात्र त्याने मागे वळून हसणारे चेहरे पाहिले. मग बाईंकडे बघून भुवया उंचावल्या. काय म्हणाले?

बाईंना वाटलं, हे वाक्य गिळून टाकावं आणि पुढचं सांगायला घ्यावं. कोणाला पत्ता लागणार होता? प्राध्यापक तसे भले गृहस्थ, ओघात जीभ घसरली एवढंच. कशाला उगाच एखाद्याचं मन दुखवायचं? पण बाइंडरच्या भुवया अजून वरच होत्या. जे सगळ्यांनी ऐकलं ते याच्या एकट्यापासून लपवणाऱ्या आपण कोण, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी कानाशी बोट नेलं आणि वाक्य होतं तसं सांगून टाकलं. हशासुद्धा.

 बाइंडरने हात वर केला.

प्रश्न शेवटी घ्यायचेत, असं वाचनालयाचे कार्यवाह दबक्या आवाजात सांगू लागले, तोवर तो उठून उभाही राहिला होता. त्याचे हात चालू लागले आणि बाईंनी त्यांना आपला आवाज दिला.

"मी बहिरा आहे. तुमच्या पुस्तकाची बांधणी आमच्याकडे झाली. काम करता करता एक पान वाचलं, म्हणून प्रत विकत घेऊन घरी नेली. दोनदा वाचली. कळलं."

 प्राध्यापकांचा चेहरा उतरला. ते बाईंना म्हणाले, "त्यांना सांगा, माझा तसा हेतू नव्हता. ती आपली बोलण्याची एक पद्धत..."

बाईंनी सांगितलं. उत्तर लगेच आलं, तेही त्यांनी मोठ्याने बोलून दाखवलं.

"बाईंना नका सांगू. माझ्याकडे बघून बोला."

 हातातले कागद ठेवून प्राध्यापक व्यासपीठाच्या दोन पायऱ्या उतरले आणि बाइंडरच्या समोर येऊन उभे राहिले. 

"चुकलं माझं," ते म्हणाले. या वेळी ते बाईंकडे वळले नाहीत.

बाइंडरने मान डोलावली. त्याच्या लेखी तो विषय संपला होता. तो काही माफी मागून घ्यायला आला नव्हता. त्याचं भांडण होतं पुस्तकातल्या चौथ्या प्रकरणाशी. माणसावर संस्कार होतात ते कानांवाटे, मूल आईच्या शब्दावर वाढतं, असं प्राध्यापकांनी तिथे ठासून लिहिलं होतं.

"माझी आईही बहिरी होती," तो म्हणाला. "तिने आम्हां तिघांना वाढवलं. आमच्या घरात कोणी कोणाकडे पाठ करून बसत नसे, कारण पाठ केली की बोलणंच तुटतं. समोरच्याचं बोलून होईपर्यंत नजर काढायची नाही, हा तिचा पहिला धडा. तो आमच्या कुठल्या कानातून आत गेला?"

 प्राध्यापक म्हणाले, की शब्द म्हणजे त्यांना भाषा म्हणायचं होतं, आणि खुणांची भाषाही भाषाच. मग तसं लिहायचं होतंत, असं बाइंडरने सुनावलं. पुढच्या आवृत्तीत लिहीन, पण मूळ मुद्दा सोडणार नाही, असं म्हणताना प्राध्यापकांचा आवाज चढला. बाइंडरचे हातवारेही मोठे झाले. कार्यवाहांनी घड्याळाकडे बोट दाखवलं, ते दोघांपैकी कोणीच पाहिलं नाही. मागच्या रांगांतले लोक हात नीट दिसावेत म्हणून उभे राहू लागले होते.

एकाचं वाक्य बाईंनी पुरं करेपर्यंत दुसऱ्याचं सुरू होत होतं. शेवटी त्या दोघांच्या मधे येऊन उभ्या राहिल्या.

"एकेक करून बोला," त्या म्हणाल्या, आणि तेच खुणांनीही सांगितलं. "मला हात दोनच आहेत."