कॅप्टनचा पट्टा
आखातातल्या अल कुसैसच्या मैदानावर स्पर्धेआधी कॉलेजांच्या फुटबॉल कोचना माइकवर विचारलं, आपल्या खेळाची आज अवस्था काय? चारुदत्त पोटतिडकीनं बोलला, “पोरांत निष्ठाच उरली नाही. फीमाफी दिसली की लगेच कॉलेज बदलतात!” सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या त्या शेजारच्या कॉलेजचे कोच अलीमियाँ यांनी. वर मिठी मारून म्हणाले, “हबीबी, माझ्या मनातलं बोललास!” चारुदत्त फुशारून खाली उतरला, तर त्याचा कॅप्टन सुजीत दंडावरचा पट्टा हातात घेऊन उभा. आईनं धुऊन दिलेला. “सॉरी सर. अलीमियाँ सर पूर्ण फी माफ करतायत.” “आणि निष्ठा?” “सर, गेल्या वर्षी मला दुसऱ्या कॉलेजातून आणताना तुम्हीच म्हणालेलात, निष्ठेनं फी भरता येत नाही.” चारुदत्तनं त्याच्या हातातला पट्टा घेऊन मुठीत आवळला. पलीकडे अलीमियाँचा गोलकीपर एकटाच बूट बांधत होता. चारुदत्त त्याच्याशेजारी बसला. “बेटा, कॅप्टन होशील?”